ॲप लावून देण्याआधी पेशंट बघ

ऑपरेशनच्या पेशंटना आधी सूचना पाठवणारं आणि नंतर घरून टाक्यांचा फोटो मागवणारं ॲप फोनवर लावून द्यायचं काम तुझ्याकडे आलंय, तर आधी विचार, फोन कोणाचा? केसपेपरवर नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो आणि मुलगा सुरतला कामाला. 'रात्रीपासून उपाशी राहा' हा मेसेज त्याला जातो, इकडे आई चोपड्याहून चहा-बिस्कीट घेऊन येते आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. आदल्या रात्री जो जवळ असेल त्याचा नंबर घे. पण पेशंटला विचारूनच. गर्भपिशवीच्या ऑपरेशनचं सगळ्या घराने वाचावं असं बाईला वाटत नसेल.

वय बघून 'यांना जमणार नाही' ठरवू नकोस. रोज व्हॉट्सॲपवर केळीचे भाव बघणारे सत्तरीचे आजोबा टाक्यांचा फोटो छान पाठवतात. खरी अडचण नजर, वाचन आणि भाषेची. मोतीबिंदूवाल्याला बारीक अक्षरांचा फॉर्म कशाला? अहिराणीत छोटा ऑडिओ पाठव. धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांसाठी पावरी, भिली बोलणाऱ्या सिस्टरकडून रेकॉर्ड करून घे. सातपुड्यात बऱ्याच पाड्यांवर रेंज नसते, तिथे आशाताईंचा नंबर आधीच घेऊन ठेव. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचे मेसेज कोणी बघत नाही, संध्याकाळी पाठव.

फोटोची तालीम डिस्चार्जआधी वॉर्डातच करून घे, खिडकीच्या उजेडात, पट्टी बदलताना. ताप, पू किंवा वाढती सूज असली तर उत्तराची वाट न बघता थेट दवाखान्यात यायचं, हे तोंडी सांग आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घे.