वाचकांचे प्रश्न : टेबल, टोचणी आणि ओळंबा

प्रश्न : मुलगी सातवीपर्यंत पुण्यात शिकली, आता अमेरिकेत शाळेत जाते. इथे ती ज्याला ‘ट्रॅपिझियम’ म्हणायची त्याला तिथे ‘ट्रॅपिझॉइड’ म्हणतात, आणि ट्रॅपिझियम म्हणजे भलताच चौकोन निघतो. चुकतंय कोण?

उत्तर : मुलगी नाही. घोळ १७९५ सालचा आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘ट्रापेझा’, म्हणजे टेबल. त्याची फोड ‘चार पायांचे’ अशी होते. ‘ट्रापेझिऑन’ म्हणजे छोटे टेबल. (आजच्या ग्रीकमध्ये ट्रापेझा म्हणजे चक्क बँक. सराफ टेबल मांडून बसत, त्याची ही खूण.) युक्लिडने चौरस, आयत, समभुज आणि समांतरभुज चौकोन बाजूला काढले आणि उरलेल्या सगळ्या चौकोनांना हे एकच नाव दिले. पाचव्या शतकात प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने त्यांची वाटणी केली : दोन बाजू समांतर असतील तर ट्रॅपिझियम, एकही जोडी समांतर नसेल तर ट्रॅपिझॉइड, म्हणजे ‘टेबलासारखे काहीतरी’. पुढे चार्ल्स हटन या इंग्रज गणितज्ञाच्या १७९५ च्या गणितकोशात या दोन व्याख्यांची अदलाबदल झाली. ब्रिटनने एकोणिसाव्या शतकात ती दुरुस्त केली, अमेरिकेत उलटी जोडीच रुजली. भारतात इंग्रजी माध्यमाची पुस्तके ब्रिटिश वळणाची, म्हणून मुलीला धक्का बसला.

व्यवहारात तीन गोष्टी तपासा. पहिली, आकृतीत कोणत्या बाजूंवर समांतरतेचे बाण आहेत. दुसरी, व्याख्येत ‘एकच जोडी’ म्हटले आहे की ‘किमान एक जोडी’. ‘किमान’ असेल तर समांतरभुज चौकोन, आयत, चौरस सगळेच आत येतात, आणि बरोबर-चूक प्रकारच्या प्रश्नात तिथेच गुण जातात. तिसरी, क्षेत्रफळाचे सूत्र लावण्याआधी समांतर बाजू खरोखर आहेत ना. बाजू ८ आणि ५ सेंमी, उंची ४ सेंमी असेल तर (८ + ५) × ४ ÷ २ = २६ चौ. सेंमी, पण त्या दोन बाजू समांतर नसतील तर या आकडेमोडीला अर्थच नाही. घरी बोलताना समांतर बाजूंच्या या चौकोनाला ‘समलंब चौकोन’ म्हणा, त्यात गोंधळाला जागा नाही.

जाता जाता : अमेरिकन पुस्तक स्पॅनिशमध्ये नेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. स्पॅनिश ‘त्रापेसोइदे’ला समांतर बाजूच नसतात, त्यांना हवा असतो तो शब्द ‘त्रापेसिओ’.

प्रश्न : ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक आहे असे वाचले. हे पटत नाही.

उत्तर : पटवून घ्यावे लागेल. ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे बैलाला टोचायची अणकुचीदार काठी, आपल्याकडची पराणी. त्यावरून कंपासचे रोवून ठेवायचे टोक, आणि मग ते टोक जिथे रुतते तो बिंदू. ग्रीक ज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला. वराहमिहिराच्या बृहज्जातकात (सहावे शतक) तो आहे, आणि पत्रिकेतली १, ४, ७, १० ही स्थाने आजही केंद्रस्थानेच आहेत. सातव्या स्थानाचे ‘जामित्र’ हे नाव तर ग्रीक ‘डायामेट्रॉन’चे, म्हणजे व्यासाचे, रूप : पहिल्या स्थानाच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नाची तिथी ‘जामित्रगुणान्वित’ म्हटली आहे, म्हणजे शब्द तोवर चांगलाच मुरला होता.

उलटी वाटही आहे. आर्यभटाची ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. तिचेच ‘जीवा’ हे रूप अरबीत ‘जीबा’ झाले. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि जीबा हा तिथे अर्थहीन शब्द, त्यामुळे वाचणाऱ्यांनी तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी घडीसाठी आपला शब्द ठेवला, ‘सायनस’. दहावीच्या त्रिकोणमितीतला साइन तो हाच. आणि हिंदीतली ‘जेब’ त्या जैबचीच.

प्रश्न : नेदरलँड्समध्ये गणिताला ‘मॅथेमॅटिक्स’सारखे नाव का नाही?

उत्तर : गणितज्ञ सिमोन स्टेविनमुळे (१५४८–१६२०). शास्त्र डचमध्येच शिकवावे असा त्याचा आग्रह. डचमध्ये गणित म्हणजे ‘विस्कुंडे’, निश्चिताचे ज्ञान. समांतरसाठी ‘एव्हनवैदिख’, सारख्या अंतराचे. लंबासाठी ‘लोटरेख्त’, शिशाइतके सरळ; इथे शिसे म्हणजे गवंड्याचा ओळंबा. आपला ‘लंब’ही लोंबण्यातूनच आलेला, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजवावा लागत नाही.

असा प्रयत्न गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५१ मध्ये इंग्रजीत केला होता. समांतर रेषांना त्याने ‘जुळ्या’ म्हटले, स्पर्शिकेला ‘टच लाइन’. पण लॅटिन-ग्रीक शब्दांपुढे इंग्रजीत ते टिकले नाहीत, हे माझ्या मते इंग्रजीचे नुकसान.

देशी नावाचा धोका मात्र जर्मन चित्रकार ड्यूररने दाखवला. १५२५ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात त्याने लंबवर्तुळाला ‘अंडरेषा’ म्हटले, कारण शंकू तिरका कापला की काप खालच्या अंगाला रुंद होईल असे त्याला वाटले. तसे होत नाही : खाली शंकू रुंद असतो खरा, पण तिथे काप अक्षापासून दूरही गेलेला असतो, आणि दोन्हींची बरोबर भरपाई होते. चिकणमातीचा शंकू करा, ताणलेल्या दोऱ्याने तिरका कापा, मात्र काप तळाला लागू देऊ नका. कापाची कडा कागदावर गिरवा आणि लांबीच्या मध्यावर घडी घाला. दोन्ही बाजू जुळतात. गाजर घेऊ नका, ते मध्येच फुगलेले असते आणि ड्यूररच बरोबर होता असे वाटू लागते.

प्रश्न : घनाकृतींची नावे कुठून आली?

उत्तर : थोडक्यात. ‘कोन’ (शंकू) म्हणजे ग्रीकमध्ये पाइनचे बोंड. पोलिश ‘स्तोझेक’ म्हणजे गवताची छोटी गंजी. आपला शंकू म्हणजे खुंटी, सावली मोजायची. ‘क्यूब’ हा द्यूतातला फासा, जर्मन ‘व्युर्फेल’ही तोच. ‘सिलिंडर’ म्हणजे लोटायचा रूळ. ‘प्रिझम’ म्हणजे करवतीने कापलेला तुकडा. शालेय पुस्तकातली इष्टिकाचिती अर्थातच विटांची रचना.