भायखळ्याचा दगड आणि घरचा चिरा

प्रश्न : मुंबईला गेलो असता भायखळा स्थानकाची जुनी दगडी इमारत निवांत पाहिली. आमचे घर चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), आजोबांनी चुन्यात बांधलेले. पंधरा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तो दर पावसाळ्यानंतर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत फुगून पडतो. अशा स्थानकांची दुरुस्ती करतात तशी घराची करता येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : येईल, आणि करावीच. भायखळ्याला १८५३ साली लाकडी स्थानक होते, आजची दगडी इमारत १८५७ची. तिच्या दुरुस्तीला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. सिमेंट रुळण्याआधीच्या अशा इमारती चुन्यावर उभ्या आहेत. तुमचे घरही त्याच जातीचे.

घराच्या पायातली ओल भिंतीत चढते आणि चिऱ्यांमधल्या चुन्याच्या दरजांतून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आणखी वर सरकते. खाऱ्या हवेतले आणि मातीतले क्षार गिलाव्यामागे साचतात, सुकताना त्यांचे खडे फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. पडलेला पोपडा उलटा करून पाहा : मागे पांढरी भुकटी आणि चिऱ्याचा लाल चुरा चिकटलेला असेल. गिलावा पडतो त्यापेक्षा चिरा झिजतो, हे नुकसान मोठे.

सिमेंट हलक्या हातोडीने, छिन्नी तिरकी धरून काढा. ब्रेकर लावू नका, जांभा फुटतो. लोणा, म्हणजे क्षारांची ती पांढरी भुकटी, आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. लगेच पाणी मारलेत तर तो विरघळून परत आत जाईल. सैल दरजा इंचभर खोल उकरा.

कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पाण्यात टाकून विरवा. चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडते. डोळ्यांना चष्मा हवाच. लगदा किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. घाईत वापरलात तर न विरलेले खडे नंतर गिलाव्यात फुटतात. एक भाग लगदा, दोन भाग धुतलेली नदीची वाळू, एक भाग सुरखी (विटांची भुकटी). खाडीची रेती नको, तिच्यात मीठ असते. भिंत ओली करून आधी दरजा दाबून भरा, मग अर्ध्या इंचाहून पातळ थर द्या. दहा दिवस ओले गोणपाट लावून ठेवा. हे काम दिवाळीनंतर घ्या. वरून चुन्याची सफेदीच द्या, ऑइलपेंट दिलात तर पुन्हा तेच होईल. चुन्यात हात बसलेला गवंडी मिळेपर्यंत थांबावे लागले तरी थांबा.

प्रश्न : जुन्या स्थानकांच्या लोखंडी खांबांच्या बुडाशी गंजाचे ओघळ दिसतात. छप्पर गळते का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : नेहमी छप्परच गळते असे नाही. त्या काळातले अनेक बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब पोकळ आहेत, छपराच्या पन्हळीचे पाणी त्यांच्यातूनच खाली उतरते. पाने किंवा कबुतरांची घरटी आत अडकली की पाणी तुंबते, सांध्यातून झिरपते आणि बीड आतून गंजते. बीड ठिसूळ, साध्या वेल्डिंगने तडकते. म्हणून पन्हळीच्या तोंडाला जाळी हवी, आणि मेअखेरीस खांबाच्या वरून बादलीभर पाणी ओतून ते खालच्या तोंडातून लगेच येते का, ते पाहायला हवे.