कायोटी मारून मेंढ्या वाचतात का?

प्रश्न : आमचे घराणे मेंढपाळाचे. मुलीकडे अमेरिकेतील आयडाहो राज्यात गेलो असता कळले, की मेंढ्या राखण्यासाठी तेथील सरकारी माणसे कायोटी नावाच्या प्राण्याला हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. काही जण याला क्रूरपणा म्हणतात, तर मेंढपाळ म्हणतात की दुसरा इलाज नाही. यात खरे कोणाचे? आणि कळपातली ती थोराड पांढरी कुत्री कशासाठी असतात?
– एक वाचक, फलटण

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे. कायोटी हा आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा आणि लांडग्याहून लहान असा प्राणी असून, अमेरिकेत हिंस्र प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्याच नावावर आहेत. केंद्रीय कृषी खात्याची ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ ही शाखा १९३१ च्या कायद्याच्या आधारे वर्षाला साधारण ६० हजारांच्या आसपास कायोटी मारते.

तरीही मेलेले प्रत्येक कोकरू कायोटीने मारलेले नसते. रोगराई, थंडी आणि अडलेली वीण यांनी त्याहून जास्त मेंढ्या दगावतात, आणि कायोटी आयत्या मढ्यावरही ताव मारतो. म्हणून जाणकार माणूस आधी कातडे सोलून पाहतो. जबड्यामागे गळ्यावर सुळ्यांच्या खुणा असतील आणि त्यांखाली रक्त साकळलेले असेल, तर चावा बसला तेव्हा जनावर जिवंत होते. रक्त साकळलेले नसेल, तर ते आधीच मेलेले होते. मागचे पाय आणि कान फाडलेले दिसले, तर बहुधा कुणाच्या तरी मोकाट कुत्र्यांचा उद्योग समजावा.

सरसकट मारण्याने कायोटी कमी होत नाहीत, हे मात्र मला मान्य करावे लागते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९७५ मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवले, की दरवर्षी पाऊणशे टक्के कायोटी मारत राहिले तरी त्यांना संपवायला सुमारे ५० वर्षे लागतील. जागा रिकामी झाली की बाहेरचे कायोटी तेथे येतात आणि खाद्याला वाटेकरी कमी झाल्याने पिल्ले जास्त जगतात. शतकभर विष, सापळे आणि बंदुका चालल्या, तरी पश्चिमेच्या माळरानावरचा हा प्राणी आज हवाई वगळता सर्व राज्यांत आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही तो दिसला आहे.

पण म्हणून मारण्याचा काहीच उपयोग नाही, हे विरोधकांचे म्हणणेही मला पटत नाही. कॅलिफोर्निया आणि यूटामधील अभ्यासांत असे आढळले, की मेंढ्या मुख्यतः पिल्ले असलेली, हद्द राखून राहणारी कायोटीची जोडी मारते, कारण बिळातली तोंडे तिला भरायची असतात. ती नेमकी जोडी हटवली तर काही काळ नुकसान कमी होते किंवा थांबते. वायोमिंगमध्ये तर नुसती बिळातली पिल्ले काढून टाकल्यावरही हल्ले घटले. म्हणजे कोकरे पडताहेत त्याच माळावर, त्याच दिवसांत, त्याच जोडीमागे लागणे समजण्यासारखे आहे. कायोटी दाखवून ५० डॉलर घेण्याची यूटामधील बक्षिसाची पद्धत हे काम करत नाही. ती हरणांच्या नावाने सुरू झाली आणि तीत कोणताही कायोटी चालतो. शिकारीच्या स्पर्धांचेही तसेच असून, त्यांतील बक्षिसांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंदी घातली. विषाबद्दल तर वादच नको : २०१७ मध्ये आयडाहोतील पोकाटेलोजवळ कायोटीसाठी पुरलेल्या सायनाइडच्या नळीने एका मुलाला विषबाधा झाली आणि त्याचा कुत्रा मेला.

आता आपण विचारलेल्या कुत्र्यांविषयी. ती बहुधा ग्रेट पिरनीज किंवा अकबाश जातीची असतात. पिल्लू असल्यापासून त्यांना मेंढ्यांतच वाढवतात, त्यामुळे कळपालाच ती आपले कुटुंब मानतात. कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीने २००० मध्ये सरकारी शिकाऱ्यांचा करार संपवला आणि अशी कुत्री, कुंपणे व रात्रीचे कोंडवाडे यांसाठी पशुपालकांना पैसे देऊ केले. असा कोंडवाडा म्हणजे आपल्या वाघरीचा, मेंढ्या कोंडायच्या जाळीचाच भाऊबंद म्हणायचा. मात्र मॅरिनमधली शेते कुंपणाची आहेत. आयडाहोच्या उघड्या डोंगरावर हजारभर मेंढ्या फिरवणाऱ्याला रोज रात्री त्या कोंडणे जमत नाही, म्हणून तेथे भिस्त राखणदार कुत्र्यांवर आणि बंदुकीवर असते. पुढच्या खेपेला डोंगरात असा कळप दिसला आणि मुलीचा पाळलेला कुत्रा बरोबर असला, तर त्याला साखळीने धरून लांबूनच वळसा घ्यावा. ती पांढरी कुत्री त्याची गणना कायोटीतच करतात.