इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांसाठीच्या एफडीपींचा वर्गात खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन वर्षांत सहा एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, म्हणजे शिक्षकांची प्रशिक्षणं) झाल्या, प्रमाणपत्रांची फाइल जाड झाली, तरी दुसऱ्या वर्षाचा वर्ग तसाच गप्प बसतो. मग या प्रशिक्षणाचा उपयोग काय?

उपयोग होतो, पण ज्या प्रशिक्षणात कुणीतरी तुम्हाला शिकवताना पाहतं, त्याचा. मी मुंबईतल्या एका कॉलेजात १९ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोय. त्यातली पहिली आठ वर्षं माझ्या तासाला मागच्या बाकावर एकही सहकारी येऊन बसला नव्हता. शाळेत शिकवायला डी.एड., बी.एड. लागतं, आपल्याला एम.ई. किंवा पीएच.डी. पुरते. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने नव्या शिक्षकांसाठी आठ मॉड्यूल्सचा अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आणला हे चांगलंच झालं. ती मॉड्यूल्स मनापासून करा. मात्र पडद्यासमोर बसून पोहण्याची माहिती मिळते, पोहता येत नाही.

माझ्यात बदल झाला तो एका सहकारी मॅडममुळे. त्यांनी माझा तास मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि स्टाफरूममध्ये आम्ही दोघांनी तो पाहिला. ‘समजलं ना?’ असं मी त्या एका तासात २७ वेळा विचारलं होतं आणि एकदाही उत्तरासाठी थांबलो नव्हतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. हे मी एका कार्यशाळेत आधीच ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. स्वतःला पाहिल्यावर ते डोक्यात शिरलं.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१पासून अशा पद्धतीने शिकवू लागले: संकल्पनेवरचा एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. माझा इलेक्ट्रिकल नेटवर्क्सचा (सर्किट्सचा) लाडका प्रश्न सांगतो. तीन सारखे बल्ब आहेत. अ सीरीजमध्ये, त्याच्यापुढे ब आणि क पॅरललमध्ये. क काढला तर अ आणि ब यांच्या उजेडाचं काय होईल? केव्हीएल, केसीएल (किर्चहॉफचे व्होल्टेज आणि करंटचे नियम) घडाघडा म्हणणारी मुलंही ‘ब तसाच राहील’ म्हणून बोटं वर करतात. खरं तर अ मंद होतो आणि ब उजळतो: आधी अला व्होल्टेजचा दोन तृतीयांश भाग मिळत होता आणि बला एक तृतीयांश, आता दोघांना निम्मा निम्मा.

पहिल्या मतदानात जवळजवळ सगळे बरोबर असतील तर पुढे सरका. फारच थोडे बरोबर असतील तर तुम्हीच पुन्हा समजावा. मधली स्थिती असेल तरच चर्चेला सोडा. त्या दोन-तीन मिनिटांत वर्ग मराठी-हिंदीत भांडतो, आणि ते भांडू द्यावं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं इंग्रजीत फळ्यासमोर गप्प असतात. पण वायरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या असतात, म्हणून बाकावर शेजाऱ्याला तीच जास्त चांगलं समजावतात. हे आधी कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

‘सिलॅबस कधी संपणार?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तासाला एकच प्रश्न घ्या, दहा मिनिटं जातात. सोडवलेली उदाहरणं आदल्या दिवशी वाचायला द्या आणि फळ्यावर उतरवून देणं बंद करा. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास होतं, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. आपल्याकडे केटीच्या (राहिलेले विषय पुन्हा देण्याच्या) चक्रात मुलांची वर्षं जातात, म्हणून या फरकाची किंमत मला फार मोठी वाटते.

एक सावधगिरी बाळगा. हार्वर्डमध्येच २०१९ साली दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं ना! तेव्हा पहिल्या सेमिस्टरला तुमचा फीडबॅक घसरू शकतो. एचओडींना (विभागप्रमुखांना) आधीच सांगून ठेवा, आणि आपण असं का करतोय ते मुलांनाही पहिल्याच तासाला सांगा.

पुढची एफडीपी निवडताना एवढंच विचारा: तिथे मला माझा स्वतःचा धडा शिकवून दाखवावा लागेल का, आणि नंतर माझ्या वर्गात कुणी येऊन पाहील का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो आठवडा वाचवा आणि विभागातल्या एका सहकाऱ्याशी ठरवा: महिन्यातून एकदा तुम्ही त्यांच्या तासाला, ते तुमच्या. ही गोष्ट अप्रेझलच्या फॉर्मवर जाणार नाही एवढं आधी पक्कं करा, नाहीतर कुणी खरं बोलणार नाही.

बल्बचा प्रयोग वर्गात करायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून टॉर्चचे फिलामेंटवाले तीन सारखे बल्ब आणि होल्डर आणा. घरचे एलईडी बल्ब नकोत. आतल्या ड्रायव्हर सर्किटमुळे ते असे वागत नाहीत.