सी मध्ये हेडर आणि बॉडी एका बफरमध्ये जोडायचीच कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी मध्ये छोटा वेब सर्व्हर लिहिलाय, डेटाबेसमधल्या नोंदींचं पान एका मोठ्या बफरमध्ये स्ट्रकॅटने (एका स्ट्रिंगच्या शेवटी दुसरी जोडणारं सी चं फंक्शन) जोडत नेता, ओळी हजारावर गेल्या की सर्व्हर रेंगाळतो, तर स्ट्रकॅट काढून एसएनप्रिंटएफ (ठरलेल्या साच्यात मजकूर बफरमध्ये लिहिणारं फंक्शन) घातलं तर फरक पडेल का?

पडेल, पण एसएनप्रिंटएफ वेगवान आहे म्हणून नव्हे. फॉरमॅट स्ट्रिंग वाचण्यात त्याचाही वेळ जातोच. मेख वेगळीच आहे: बफर कुठवर भरलाय हे स्ट्रकॅटला माहीत नसतं, त्यामुळे दर वेळी ते पहिल्या बाइटपासून स्ट्रिंगचा शेवट दाखवणारा शून्य बाइट शोधत निघतं. १०० बाइटची एक ओळ, अशा १,००० ओळी धरा. पान झालं १ लाख बाइटचं, आणि नुसता शेवट शोधायला चाळले गेले जवळपास ५ कोटी बाइट. भरलेली लांबी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मेमकॉपीने पुढचा तुकडा थेट तिथे टाका, की हा सगळा खर्च गेला. उद्या याच वाटेने पीएनजी चित्र पाठवायला गेलात तरी अडणार नाही. स्ट्रकॅट मात्र चित्रातल्या पहिल्या शून्य बाइटलाच थांबलं असतं.

बफरसाठी पॉइंटर, लांबी आणि क्षमता एवढं एक स्ट्रक्ट पुरे. जागा संपली की रिअ‍ॅलॉकने क्षमता दुप्पट करा. कनेक्शन चालू असेल तर पुढच्या विनंतीसाठी लांबी फक्त शून्यावर आणा, मेमरी फ्री करायची घाई नको.

एसएनप्रिंटएफ वापरणारच असाल तर एक सापळा नीट समजून घ्या. ते किती लिहिलं हे सांगत नाही. पुरेशी जागा असती तर किती लिहिलं असतं ते सांगतं. हेडर म्हणजे पानाआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळी; त्यांच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये लोकेशन या ओळीचा लांबलचक पत्ता आला आणि उत्तर आलं ७००. तुम्ही डोळे झाकून ते लांबीत मिळवलंत. पुढच्या कॉलला उरलेली जागा म्हणून ५१२ वजा ७०० जाणार, आणि साइज_टी या लांबीच्या प्रकाराला ऋण संख्या ठाऊक नसल्याने तो अगडबंब आकडा होणार. म्हणजे बफरच्या बाहेर बिनधास्त लिहिणं सुरू. म्हणून परतीची किंमत ऋण आहे का, आणि उरलेल्या जागेइतकी किंवा जास्त आहे का, हे दर वेळी तपासा.

आता मुख्य मुद्दा. हेडरमधली कंटेंट-लेंग्थची ओळ लिहायला बॉडीची, म्हणजे खुद्द पानाची, लांबी आधी हवी, म्हणून बहुतेक जण बॉडी वेगळी बनवतात, मग हेडर लिहून त्यामागे पुन्हा सगळी बॉडी कॉपी करतात. ही कॉपी साफ वायफळ आहे. हेडर एका बफरमध्ये, बॉडी दुसऱ्यात राहू दे, आणि दोन्हींचे पत्ते, अनेक बफर एकदम पाठवणाऱ्या राइटव्हीला एकत्र द्या. एकाच सिस्टिम कॉलमध्ये कर्नल ते क्रमाने पाठवतं. दोन वेगळे राइट केलेत तर छोट्या रिस्पॉन्सला नेगलचा अल्गोरिदम आडवा येऊ शकतो: दुसरा छोटा तुकडा पहिल्याची पोच येईपर्यंत अडकतो, आणि समोरचा पोच द्यायला मुद्दाम थांबलेला असतो. लिनक्सवर यात साधारण ४० मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळापुढे तुमच्या कॉपीचा खर्च किस झाड की पत्ती!

राइटव्हीने सगळं एका दमात नेलं असं मात्र धरून चालू नका, विशेषतः सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तर वाट न पाहता लगेच परतणारं) असेल तर. हेडर १८० बाइट, बॉडी ४०,०००, आणि कर्नलने घेतले १६,०००. म्हणजे हेडर पूर्ण गेलं आणि बॉडीचे १५,८२० गेले. आता बॉडीचा पॉइंटर तेवढा पुढे सरकवा, लांबी २४,१८० करा आणि पुन्हा पाठवा. ईअगेन (आत्ता जागा नाही, नंतर या) ही एरर आली तर सॉकेट पुन्हा लिहिण्याजोगं झाल्याचं ईपोलकडून (सॉकेटवर लक्ष ठेवणारी लिनक्सची सोय) कळेपर्यंत थांबा. समोरच्याने मध्येच कनेक्शन तोडलं तर सिगपाइप हा सिग्नल येऊन अख्खा प्रोसेस मरतो, तेव्हा तो सिग्नल सुरुवातीलाच दुर्लक्षित करून ठेवा.

डिस्कवरची फाइल जशीच्या तशी द्यायची असेल तर ती वाचून बफरमध्ये आणूच नका, लिनक्सवर त्यासाठी सेंडफाइल आहे. लांबी आधी कळणारच नसेल तर एचटीटीपी १.१ चं चंक्ड एन्कोडिंग (बॉडी तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे चंकने, पाठवणं) वापरा. चंकची लांबी हेक्समध्ये लिहायची असते, हे विसरल्याने पान अर्धवट दिसतं. डेट हेडर दर विनंतीला नव्याने बनवण्यात अर्थ नाही, सेकंदाला एकदा पुरे.

यातलं काहीही बदलण्याआधी एस-ट्रेस (strace, सिस्टिम कॉल नोंदवणारं साधन) लावून एका विनंतीमागे राइटचे किती कॉल जातात ते मोजा. स्ट्रकॅटचा खर्च त्यात दिसणार नाही, त्यासाठी पर्फ (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालवावं लागेल. दोन्हींचं आउटपुट इथे टाकलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.