‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. टेकडीवर फिरणाऱ्यांचा त्यांचा क्लब आहे. फिरणं टेकडीवर, बाकी सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. अकरावीतल्या पोरांपासून बँकेतून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत सगळे एकाच ग्रुपात, आणि सूचना लिहायचं काम यांच्या गळ्यात. ‘तुम्ही’ लिहिलं की ज्येष्ठ मंडळी नाकं मुरडतात, ‘आपण’ लिहिलं की पोरं विचारतात, ‘काका, महापालिकेची नोटीस आली का?’ तर सूर कोणता धरावा? शिवाय ‘सर्वांनी’ लिहावं की ‘सगळ्यांनी’?

पोरांचं बरोबर आहे. हल्ली जो उठतो तो ‘आपण’ ठोकून देतो. फोन लावला की ‘आपण प्रतीक्षेत आहात’, लिफ्टमध्ये शिरलं की ‘आपण आपला कचरा’. या वाचकांनी स्वतःच्या सूचनेचा नमुनाही पाठवलाय: ‘आपण रविवारी सकाळी सहा वाजता वेताळ टेकडीवर यावे व येताना आपण पाणी आणावे. मागील वेळी आपण उशिरा आल्याने खोळंबा झाला.’ हे शेवटचं ‘आपण’ कोण? लिहिणाऱ्यासकट सगळे, की वाचणारा एकटा? ग्रुपातल्या प्रत्येकाला वाटलं, बोट माझ्याकडेच आहे. एक ताई तर ग्रुप सोडून गेल्या.

‘आपण’चे अर्थ शाळेत झालेत, ते पुन्हा सांगत नाही. दुर्लक्ष होतं ते एका ‘त’कडे. ‘आपण उशिरा आलो’ म्हटलं की लिहिणाराही दोषी, ‘आपण उशिरा आलात’ म्हटलं की तो सुटला. ‘आल्याने’, ‘यावे’, ‘आणावे’ ही रूपं नेमका हा ‘त’ गिळतात, आणि मग वाचणारा आपल्या स्वभावाप्रमाणे अर्थ लावतो. त्यातून ‘करावे’मधला ‘-वे’ हा संस्कृतातल्या ‘-तव्य’चा वंशज, म्हणजे ‘कर्तव्य’ शब्दाच्या शेपटाचा. ‘पाणी आणावे’च्या पुढेमागे कितीही ‘कृपया’ लावा, पोटातलं कर्तव्य काही जात नाही.

पण खरी मौज ‘आपण’च्या मुळाशी आहे, आणि त्यासाठी वेताळ टेकडी सोडून थेट जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी जावं लागतं. ‘आपण’ आला ‘आत्मन्’वरून. यातला ‘त्म’ हे जोडाक्षर लोकांच्या तोंडी टिकलं नाही. कुठे त्याचा ‘त्त’ झाला, पालीतला ‘अत्ता’ तो हाच. आपल्या बाजूला झाला ‘प्प’. महाराष्ट्री प्राकृतात ‘अप्पा’, ‘अप्पाण’, आणि तिथून आपला ‘आपण’. (पेठेतले अप्पा वेगळे. ते कानडी ‘अप्प’, म्हणजे बाप.) ‘त्म’चा ‘प्प’ होताना मधे एक पायरी असणार, असं कागदावर कुणीही मांडेल. ती पायरी गिरनारच्या खडकावर कोरलेली आहे! इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘आत्पपासंड’ असा शब्द येतो. ‘आत्प’ म्हणजे स्वतःचा. ‘पासंड’ म्हणजे पंथ, त्या शब्दाला तेव्हा ढोंगाचा वास नव्हता.

आता हा लेख आहे कशावर? नाना पंथांच्या लोकांनी एकत्र नांदताना कसं बोलावं यावर! प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, या सगळ्याचं मूळ ‘वचिगुती’, म्हणजे वाणीचा संयम. जो आपल्याच पंथाचे गोडवे गात दुसऱ्याला हिणवतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असंही पुढे म्हटलंय. ग्रुपावर काय लिहावं याचे नियम बनवायला बसणाऱ्या प्रत्येक ॲडमिनने हा लेख एकदा वाचावा. त्याच खडकावर पुढे इ. स. १५०च्या सुमाराचा रुद्रदामन राजाचा लेखही आहे, घोटीव संस्कृतात, लांबच लांब समास. तुमच्या निवृत्त काकांना तो जास्त आवडेल.

माझं म्हणणं असं की ऐकणाऱ्याला पोटात घेणारा ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ हा भेद या पश्चिमेकडच्या मातीतच रुजला. लगेच कुणीतरी द्रविडी प्रभावाचं अस्त्र काढणार, ठाऊक आहे. तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ असा भेद आहे, म्हणून मराठीने तो तिकडून उचलला, असं भाषाशास्त्रात सर्रास सांगतात. भाषेचे अभ्यासक विश्वनाथ खैऱ्यांनी तर मराठीची मुळंच तमिळमध्ये शोधली. त्यांच्या व्यासंगाला नमस्कार, पण भेद खाली दक्षिणेतूनच वर आला हे मला पटत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या आजच्या कानडीत दोन्हींना एकच ‘नावु’ आहे. उलट गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, आणि पार मारवाडात ‘आपां’ आणि ‘म्हे’! शेजाऱ्याकडे नाही ते आपण लांबून आणलं आणि वर मारवाड्यांनाही पोचवलं, असं मानायचं का? सांगाडा उसना म्हणायचा तर म्हणा, शब्द घरचाच आहे.

आदरार्थी ‘आपण’ ही हिंदी ‘आप’ची नक्कल, असं ठासून सांगणारे दुसऱ्या टोकाला. त्यांनी धारवाडला जाऊन यावं. कानडीत ‘तावु’ म्हणजे ‘स्वतः’ही आणि आदराने ‘तुम्ही’ही. तीही हिंदीची नक्कल का? मोठ्या माणसाला थेट हाक मारायचा संकोच वाटला की माणूस ‘स्वतः’चा आडोसा घेतो, इतकं ते साधं आहे.

हिंदीतून आलंय ते वेगळंच: ‘तुम्ही’ म्हणजे कमी मान, ही समजूत. हिंदीत ‘तुम’च्या वर ‘आप’ची पायरी आहे, म्हणून ‘तुम’ खालचा. मराठीत बोलण्यातल्या पायऱ्या मुळात दोनच. विठोबाला तू, आईला तू, सासऱ्यांना ‘तुम्ही’. ‘अहो, तुम्ही जेवलात का?’ यात मान कुठे कमी पडला? तेव्हा नाकं मुरडणाऱ्या ज्येष्ठांना विचारा, घरी सूनबाई काय म्हणते? ‘बाबा, आपण चहा घेणार का’ म्हणत असेल तर ती रुसलेली आहे.

हां, तर तुमची सूचना. ‘रविवारी सकाळी सहाला आपण वेताळ टेकडीवर भेटतोय. पाण्याची बाटली घेऊन या. मागच्या वेळी निघायला उशीर झाला आणि उतरताना ऊन लागलं, या वेळी सहा म्हणजे सहा.’ ‘भेटतोय’मध्ये तुम्ही स्वतः आलात, त्यामुळे इथला ‘आपण’ हक्काचा. उशीर कुणामुळे झाला ते लिहायचं नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि ‘आम्ही रविवारी टेकडीवर जाणार आहोत’ असं चुकूनही लिहू नका. कार्यकारिणी वर आणि सभासद घरी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. वर्गणी थकली असेल तर ग्रुपावर नको, त्या माणसाला फोन करा आणि ‘तुम्ही’ म्हणा.

‘सर्वांनी’ की ‘सगळ्यांनी’? सगळ्यांनी. ‘सर्वांनी’ चुकीचं नाही, पण ते लिहिलं की पुढे ‘बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ आपोआप टाइप होतं.