वहीची मागची पानं

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पगार निम्म्यावर आला हे तू एका ओळीत उरकलंस आणि मित्रांना ते कळू नये म्हणून काय काय करावं लागतं, यावर पानभर लिहिलंस. मला काळजी त्या पानाची वाटते. ओढाताण माणूस सोसतो. ती झाकायला काढलेलं कर्ज मात्र त्याला बुडवतं.

म्हणून आधी क्रेडिट कार्डाचं बोलतो. दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरून वेळ मारून नेऊ नकोस. महिना ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४३ टक्क्यांच्या घरात जातं. काहीच फेडलं नाही, तर दोन वर्षांत बाकी दुप्पट होते. त्यामुळे हे कर्ज फेडणं हीच सध्या तुझी सगळ्यात मोठी बचत. हप्ता झेपणार नसेल, तर तो थकायच्या आधी बँकेत जाऊन बोल.

माझी नोकरी गेली तेव्हा मी एक वही घातली. रोजचा खर्च, पै न् पै. महिनाभरातच दिसलं की गरजेपेक्षा लाजेपायी जास्त जातंय. त्याच वर्षी माझ्या दोन शर्टांच्या कॉलर विरल्या. शेजारच्या काकूंनी त्या उसवल्या, उलटवल्या आणि पुन्हा शिवून दिल्या. आतली बाजू अगदी कोरी निघाली. शिलाई विचारली तर त्यांनी नुसता हात झटकला. रात्री खर्चाच्या पानावर मांडायला काहीच नव्हतं, मिळालं मात्र खूप होतं. मग वही उलटी केली आणि मागच्या पानावर ते लिहिलं.

पुढे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास वाचनात आला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचेक गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाला. मला नवल वाटलं नाही.

पगार कापणाऱ्यांचे आभार मान, असं मी मुळीच म्हणत नाही. तो राग रास्त आहे, राहू दे. मागच्या पानावर ‘आरोग्य’, ‘कुटुंब’ असले मोठे शब्दही नकोत. कोणी, कधी, काय केलं तेवढंच लिही. कोणी आपलं जुनं पुस्तक दिलं, कोणी एखाद्या कामासाठी तुझं नाव सुचवलं. असं लिहायला लागलं की माणसं आठवतात, आणि त्यांच्यापासून काही लपवायचं उरत नाही.

निदान एका मित्राला या आठवड्यात खरं सांग. कार्डाची बाकी आणि हप्त्यांचे आकडे मला कळव, रविवारी बसून दोघं मिळून मांडू.

तुझा,
काका